काट्यावरचा फोन

बाहेर बोलायचं तर आधी शून्य.
हे मीच ठरवलं होतं,
सात वर्षांपूर्वी, जळगावच्या एमआयडीसीत,
डाळ मिलच्या ऑफिसात चहा पिता पिता.
शेठ म्हणाले, पोरं गावाकडे लावत बसतात, बिल येतं.
मी म्हणालो, शून्यामागे लपवतो लाइन.
आणि लपवली.

आतले नंबर एकशे एकपासून.
गेट, शेठ, हिशेब, गोडाऊन,
वहीत रेघ आखून खाली खाली.
अक्षर माझं चांगलं आहे, लोक म्हणतात.
आठव्या ओळीत वजनकाट्याची केबिन आली.
काटा : १०८.
लिहिताना हात थांबला नाही.

मे महिन्यातली रात्र. पत्रा दोन वाजताही
दुपारचंच ऊन खाली सोडत होता.
उखर्डू तायडे चाळणीजवळ बसला,
मग आडवा झाला, तुरीच्या चुणीत गाल रुतवून.
मोबाईल सगळ्यांचे गेटवरच्या कपाटात, कुलपात,
कामात लक्ष राहावं म्हणून.
भिंतीवर माझा फोन. बसवला तेव्हा पांढरा होता.

कोकिळाबाईला गेटचा नंबर कुणी सांगितलाच नव्हता.
तिला पाठ होता तो एकच,
धरणगावच्या स्टँडवर उभ्या गाडीच्या अंगावरून
तिच्या पोरानं मोठ्यानं वाचलेला.
एक. शून्य. आठ.

लागला.
नसता लागला तर बरं झालं असतं,
ती तेव्हाच पळाली असती.
पण घंटी वाजत होती, स्वच्छ, माझ्या हातची,
आवारापलीकडे बंद केबिनमध्ये,
पावतीबुकापाशी, वाळलेल्या स्टॅम्पपॅडपाशी.
ऐकायला एखादी पाल असेल तर असेल.
ती म्हणत राहिली, कोनी शे का तठे?
उचला ना भाऊ.
तिला वाटलं, सरकारी फोन, उचलायला वेळ लागत असेल.

किती वेळ, ते तिला सांगता येत नाही.
मला येतं. यंत्रात नोंद राहते.
सहा वेळा लावला. मधे धरून नऊ मिनिटं.
तो कागद मी छापून घेतला,
कुणी मागितला नव्हता.
मग ती अनवाणी गेटकडे धावली
आणि वॉचमनच्या खिशातल्या फोनवरून
तोच नंबर पहिल्या झटक्यात लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली.
शून्य काढलं. एकशे आठ मोकळा केला.
कुणी तो दाबला की गेटवरही वाजेल,
कुठल्या भिंतीवरून दाबला तेही दिसेल, असं केलं.
वीस मिनिटांचं काम.
वीस मिनिटं, हे शेठना सांगितलं नाही.

तेव्हापासून वही घेऊन फिरतोय.
चोपड्याचं वसतिगृह, पाळधीचं लॉज,
शिरपूरची सूतगिरणी, सावद्याचं केळीचं कोल्ड स्टोरेज,
जिथे दार लागलं की मोबाईलला रेंजच नसते.
मालक विचारतात, सरकारचा काही नियम आलाय का?
मी म्हणतो, माझ्यापर्यंत तरी नाही.
मग कशाला, म्हणतात. पैसे घेणार का?
नाही म्हटलं की जास्तच संशयानं बघतात.
फैजपूरला एकानं पेटीला हात लावू दिला नाही.
त्या ओळीखाली मी लाल रेघ मारून ठेवली आहे,
पुन्हा जाणार आहे.

उखर्डू जगला.
डावा हात त्याचं अजून ऐकत नाही,
शब्द ओठाच्या एका कडेनं घसरतात.
शेठनी बसून करायचं काम दिलं,
आणि ते नेमकं काट्यावर.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा केबिनकडे वळायचं धाडस होईना.
चाळणीपाशी गेलो, भिंतीवरच्या फोनवरून
काट्याचा नवा नंबर फिरवला.
एकशे अठ्ठावन्न.
एकच घंटी.
"हॅलो, काटा."
जड, सावकाश, पण उचलला.
माझ्या तोंडून काही निघेना. मागे चाळणी खडखडत होती.
तो थांबला. ठेवला नाही त्यानं.
मग म्हणाला,
कोनी शे का तठे?

आहे, म्हटलं.
काही नाही. आवाज नीट येतो का, बघत होतो.